यंत्रांचे दुभाषी

इतिहासाच्या पुस्तकांत मोठ्या शोधांना मानाचें पान मिळतें; पण त्या शोधांचा संसार मार्गीं लावणाऱ्यांच्या वांट्याला बहुधा एखादी ओळही येत नाहीं. आगगाडी म्हटली कीं स्टीफन्सनचें नांव ओठांवर येतें. परंतु निरनिराळ्या कंपन्यांनीं निरनिराळ्या रुंदीचे रूळ टाकल्यामुळें इंग्लंडांत गाडी बदलण्याच्या ठिकाणीं मालाची केवढी दैना होत असे, आणि त्या वादांतून १८४६ सालीं पार्लमेंटला रुळांमधील अंतराविषयीं कायदाच कसा करावा लागला, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. शोध लागणें ही एक गोष्ट. एकाची वस्तु दुसऱ्याच्या वस्तूबरोबर नांदती होणें ही दुसरी. संगणकाच्या इतिहासालाही हाच न्याय लागू आहे. युनिक्स ही कार्यप्रणाली घरगुती संगणकावर प्रथम आली, तेव्हां कार्डें, डिस्क, पडदे आणि तारा यांचा तिच्याशीं मोठाच बेबनाव झाला. तो कां झाला, कसा निवारला गेला, आणि त्या खटाटोपांतून सामान्य माणसाच्या हातीं काय लागलें, याची ही हकीकत आहे.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाच्या घरांतील कारभार पाहणारी व्यवस्था. कोणत्या कामाला किती वेळ द्यावयाचा, कोणाला किती मेमरी वापरूं द्यावयाची, एकाचें काम दुसऱ्याच्या हद्दींत शिरूं द्यावयाचें नाहीं, हें सर्व तिनें पाहावयाचें. युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख जनक. १९७३ सालीं तिचा गाभा ‘सी’ या भाषेंत नव्यानें लिहिला गेला, आणि त्यामुळें एका यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर ती नेणें पुष्कळ सुकर झालें. तिचें आणखी एक वैशिष्ट्य असें कीं, प्रिंटर असो, डिस्क असो वा दूरची तार असो, प्रत्येक उपकरण ती फाइलीसारखेंच मानी. फाइलींत जसें लिहावें तसेंच प्रिंटरला लिहावें. फाइल जशी वाचावी तशीच तार वाचावी. वापरणाऱ्यास हा व्यवहार फार सोपा वाटे. परंतु या प्रत्येक सोप्या दाराआड एक दुभाषी उभा असे. दरबारांतील दुभाषी ज्याप्रमाणें परकी वकिलाचें बोलणें सरकारला आणि सरकारचें बोलणें वकिलाला समजावून सांगे, त्याप्रमाणें हा दुभाषी उपकरणाची भाषा कार्यप्रणालीला आणि तिची आज्ञा उपकरणाला कळवी. यालाच ड्रायव्हर म्हणतात. दुभाषी चुकीचा नेमला, किंवा मुळींच नसला, तर उत्तम उपकरणही मुक्या माणसासारखें बसून राही.

आरंभींच्या काळीं ही अडचण फारशी जाणवली नाहीं. युनिक्स ज्या यंत्रांवर वाढली, तीं मुख्यत्वें एकाच कंपनीचीं होतीं. यंत्र, डिस्क, त्यांचे ग्रंथ आणि दुरुस्तीचा माणूस हीं सर्व एकाच गोत्रांतलीं. उपकरणें मोजकीं, म्हणून दुभाषीही मोजकेच पुरत.

१२ ऑगस्ट १९८१ या दिवशीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला आणि ही घडी मोडली. या यंत्राचा प्रोसेसर इंटेल कंपनीचा, ८०८८ नांवाचा होता. इतरही बरेच भाग बाहेरून घेतलेले होते. पेटीच्या आंत रिकामे स्लॉट ठेवलेले होते, आणि त्यांत कोणाही कारखानदारानें बनविलेलें कार्ड बसवितां येई. कंपनीनें यंत्राच्या मंडलांचे आराखडेही पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. या मोकळेपणाचा परिणाम असा झाला कीं, थोड्याच वर्षांत शेंकडों कारखानदार या यंत्राचीं कार्डें आणि नंतर हुबेहूब तशींच यंत्रेंही बनवूं लागले. किंमती उतरल्या, यंत्र मध्यमवर्गीयाच्या घरांत आलें. परंतु ज्या घरांत प्रत्येक भांडें निराळ्या कासाराकडचें, तेथें झांकण भांड्याला बसेलच अशी हमी कोणीं द्यावी?

त्या वेळीं या यंत्रांवर डॉस नांवाची साधी कार्यप्रणाली चाले. ती उपकरणांशीं पुष्कळसा व्यवहार स्वतः करीतच नसे. यंत्राच्या चिपमध्यें बायॉस नांवाचा एक लहानसा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला असे. डिस्कवरून वाचणें, पडद्यावर अक्षर उमटविणें हीं कामें डॉस त्या जुन्या कारभाऱ्यावर सोंपवी. युनिक्सला मात्र हा कारभारी उपयोगाचा नव्हता. तो एका वेळीं एकच काम जाणणारा. डिस्क फिरून जागेवर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणारा. युनिक्सच्या घरांत एकाच वेळीं अनेकांचीं कामें चालावयाचीं. शिवाय एकाची मेमरी दुसऱ्यापासून सुरक्षित ठेवण्यासाठीं प्रोसेसरची जी निराळी अवस्था लागे, तींत हा कारभारी चालूंच शकत नसे. इंटेलच्या ८०२८६ या प्रोसेसरांत तर विलक्षणच प्रकार होता. त्या सुरक्षित अवस्थेंत शिरण्यास दार होतें, पण परत येण्यास नव्हतें. परतावयाचें तर प्रोसेसर पुन्हा आरंभापासून सुरू करावा लागे, आणि १९८४ च्या आयबीएम एटी यंत्रांत हें काम कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडून करवून घ्यावें लागे. घरांतल्या घरांत एका खोलींतून दुसरींत येण्यासाठीं दरवेळीं घर पाडून बांधावें, तशांतलाच हा प्रकार. तात्पर्य, युनिक्सला प्रत्येक उपकरणासाठीं स्वतःचा दुभाषी नेमणें भाग पडलें.

या काळांत व्यापारी युनिक्सचे प्रयत्न झाले. मायक्रोसॉफ्टनें १९८० सालीं झेनिक्स या नांवानें आपली युनिक्स जाहीर केली, आणि १९८३ मध्यें एससीओ कंपनीनें ती आयबीएमच्या वैयक्तिक यंत्रावर उतरविली. १९८५ सालीं ८०३८६ हा प्रोसेसर आला, आणि तेव्हां कोठें या लहान पेटींत युनिक्सला मनासारखी जागा मिळाली. परंतु व्यापारी युनिक्स महाग होती. आणि तिच्याबरोबर जेवढे दुभाषी येत, तेवढ्याच उपकरणांशीं तिचें बोलणें. एखाद्यापाशीं यादीबाहेरचें कार्ड असलें, तर त्यानें तें बदलावें किंवा कंपनीच्या कृपेची वाट पाहावी.

अशा वेळीं यंत्राचा दोष शोधणें किती अवघड असे, याची एक गोष्ट मोठी उद्बोधक आहे. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठांतील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठीं युनिक्सच्या धर्तीवर मिनिक्स नांवाची लहान कार्यप्रणाली लिहिली. ती १९८७ सालीं त्यांच्या पाठ्यपुस्तकासह बाहेर पडली. प्रसिद्धीपूर्वीं तिच्यांत एक दोष राहिला होता. यंत्र तासभर नीट चाले आणि मग अकस्मात् कोसळे; पुन्हा सुरू करावें तों सर्व ठीक. टॅनेनबॉम यांनीं प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली, दोष सांपडेना. सगळा उद्योग सोडून द्यावा, इतका वैताग त्यांस आला. तेव्हां त्यांचा एक विद्यार्थी म्हणाला कीं, प्रोसेसर फार तापला म्हणजे पंधराव्या क्रमांकाची हांक देतो, असें त्याच्या कानांवर आलें आहे. प्रोसेसरच्या ग्रंथांत याचा उल्लेख नव्हता. तरीही त्यांनीं त्या हांकेला पकडणारा एक तुकडा लिहून पाहिला, आणि जो निरोप पडद्यावर कधींच दिसणार नाहीं अशी त्यांची खात्री होती, तोच निरोप थोड्या वेळानें दिसला! त्या एका दुरुस्तीनें मिनिक्स निर्दोष चालूं लागली. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी इतके दिवस स्थिति होती. दोष लिहिण्यांत नव्हता, उष्णतेंत होता. आणि तो ग्रंथानें नव्हे, तर एकानें दुसऱ्यास सांगितलेल्या गोष्टीनें उघड झाला. पुढील सर्व इतिहासाचें बीज या प्रसंगांत आहे.

वर ज्या ‘हांके’चा उल्लेख आला, तिला इंटरप्ट म्हणतात, आणि घरगुती संगणकावरील निम्म्या भांडणांचें मूळ तिच्यांतच होतें. उपकरणाला कांहीं सांगावयाचें असलें कीं तें एका ठरलेल्या तारेवरून प्रोसेसरला हांक मारतें. पहिल्या यंत्रांत अशा तारा केवळ ८ होत्या. एटी यंत्रांत आणखी ८ आल्या; पण त्यांतील एक दोन्ही गट जोडण्यांत खर्ची पडल्यामुळें हातीं राहिल्या १५. त्यांतून घड्याळ, कीबोर्ड, फ्लॉपी, डिस्क अशा घरच्याच मंडळींनीं बऱ्याचशा अडविलेल्या. बाकीच्यांत येणाऱ्या जाणाऱ्या कार्डांनीं आपली सोय पाहावयाची, आणि एक तार दोघांनीं वापरावी अशी या यंत्राची रचना नव्हती. चाळींत नळ एक आणि बिऱ्हाडें दहा असावींत, त्यांतलाच प्रकार. उदाहरणार्थ, नॉव्हेल कंपनीचें एनई-२००० हें नेटवर्कचें कार्ड कारखान्यांतून तिसऱ्या तारेवर बसवून येई. आणि तीच तार मोडेम जोडण्याच्या दुसऱ्या पोर्टाची असे. मोडेम आणि नेटवर्क एकाच वेळीं चालू केलें कीं दोघांपैकीं एक मुकें होई. डॉसवर ही गोष्ट पुष्कळदां उघडकीस येत नसे, कारण तेथें दोन्ही कामें एकदम करण्याचा प्रसंगच विरळा. म्हणून युनिक्सवर यंत्र अडलें कीं दुकानदार छातीठोकपणें म्हणे, “डॉसवर तर उत्तम चालतें, दोष तुमच्या युनिक्सचा!” हें उत्तर खोटें नव्हतें, पण खरेंही नव्हतें. दोष आधींपासून होता. कामाचा ताण पडेपर्यंत तो झोंपलेला होता इतकेंच.

या दुखण्यावर जी उपचारपद्धति रूढ झाली, ती कोणाही सुजाण वैद्याला मान्य होईल अशीच होती. प्रथम पेटी उघडून अत्यावश्यक नाहींत तीं सर्व कार्डें काढावयाचीं. यंत्र नीट उभें राहिलें कीं एकेक कार्ड परत घालून पाहावयाचें, आणि एका वेळीं एकच बदल करावयाचा. युनिक्स सुरू होतांना कोणतें उपकरण कोठें सांपडलें याची जी यादी पडद्यावर सरकत जाई, ती बारकाईनें वाचावयाची. कार्डावरील जंपर नांवाची टांचणीएवढी टोपी एका जागेवरून काढून दुसऱ्या जागीं बसविली म्हणजे तार बदले. ती बदलून पुन्हा पाहावयाचें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, काय केलें आणि काय झालें तें कागदावर लिहून ठेवावयाचें.

१९९१ हें वर्ष या कथेंत निर्णायक ठरलें. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें त्या वर्षाच्या आरंभीं ८०३८६ चें यंत्र घेतलें, आणि त्यावर आपली स्वतःची कार्यप्रणाली लिहावयास घेतली. २५ ऑगस्ट रोजीं त्यानें मिनिक्स वापरणाऱ्यांना ती कळविली, तेव्हां स्पष्टच सांगितलें होतें कीं, एटी जातीच्या डिस्कपलीकडे ही कार्यप्रणाली बहुधा कधींच कांहीं चालवूं शकणार नाहीं, कारण त्याच्यापाशीं तेवढेंच आहे. उपकरण म्हणजे फाइल, या तत्त्वाचा चटकाही त्याला लवकरच बसला. मोडेमला नंबर फिरविण्याची आज्ञा देतांना उपकरणाचें नांव चुकलें, आणि ती आज्ञा मोडेमऐवजीं डिस्कवर लिहिली गेली! त्याची मिनिक्स त्यांत नष्ट झाली. आणि तेव्हांपासून तो आपल्याच लिनक्सवर विसंबून काम करूं लागला.

याच सुमारास अमेरिकेंत विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्यानें बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सवरून ‘३८६ बीएसडी’ तयार केली. ती १९९२ मध्यें लोकांच्या हातीं आली. तींत उणिवा होत्या. पण वापरणाऱ्यांनीं आपापल्या यंत्रांवर केलेल्या दुरुस्त्या एकत्र करून त्यांचा एक संच चालविला, आणि त्या चळवळींतूनच १९९३ सालीं नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी या दोन कार्यप्रणाली उदयास आल्या. पूर्वीं ग्राहक तक्रार करी आणि कारखाना उत्तर देई. आतां ज्याचें यंत्र अडे, तोच दुभाषी लिहूं लागला. आणि तसलेंच कार्ड असलेला, हजारों मैलांवरचा मनुष्य तो आयता वापरूं लागला.

नेटवर्कच्या कार्डांचे दुभाषी लिहिण्यांत डोनल्ड बेकर याचें नांव अग्रगण्य आहे. कार्ड कोठें बसलें आहे हें यंत्रानें स्वतःच चांचपून शोधावें, अशी सोय या दुभाष्यांत असे. पण अंधारांत चांचपणाऱ्याचा हात भलत्यावरच पडावा, तसें येथेंही होई. एका कार्डाच्या शोधांत केलेला स्पर्श दुसऱ्याच कार्डाला लागे आणि सगळें यंत्र गोठून जाई. तेव्हां अमुक पत्त्यांना हात लावूं नये, अशी सूचना आरंभींच देण्याची युक्ति निघाली. एनई-२००० च्या स्वस्त नकलांपैकीं कांहीं तर आपली ओळखीची खूणही नीट दाखवीत नसत. अशा सदोष नकलांची यादी दुभाष्याच्या पोटांतच लिहून ठेवलेली होती. या कष्टांचें फळ केवढें मोठें! १९९४ सालीं नासा संस्थेच्या गोडार्ड केंद्रांत टॉमस स्टर्लिंग आणि बेकर यांनीं बाजारांत मिळणारीं १६ साधीं यंत्रें नेटवर्कनें जोडून, लिनक्सवर चालणारा बेओवुल्फ हा संयुक्त संगणक उभारला. महासंगणकाचें काम बाजारी यंत्रांच्या जथ्यानें करावें, हा मार्ग त्यामुळें रूढ झाला.

चित्रांच्या कार्डांची कथा मात्र निराळी आहे. येथें शत्रु अज्ञान नव्हे, गुप्तता होती. युनिक्सवर चित्रमय पडदा आणण्यासाठीं १९९२ पासून एक्सफ्री-८६ या नांवानें कांहीं तज्ज्ञ काम करूं लागले. पडद्याची किरणरेषा सेकंदांत किती वेळां धांवावी, याचे आंकडे वापरणाऱ्यानेंच गणित करून द्यावयाचे असत. चुकीचा आंकडा दिला तर जुना पडदा चिरका आवाज करी, आणि प्रसंगीं कायमचा निकामीही होई. एवढें साहस करण्यास लोक तयार होते. पण डायमंड या नामांकित कंपनीनें आपल्या कार्डांतील कालमापक चिप कशी चालवावी, हें गुप्ततेचा करार केल्याविना सांगण्याचें नाकारलें. दुभाष्याची संहिता सर्वांना खुली ठेवणारे लोक असा करार कसा करणार? म्हणून तीं कार्डें वर्ज्य, असें त्यांनीं स्पष्ट छापून टाकलें. ग्राहक कार्ड घेण्यापूर्वीं ती यादी पाहूं लागले, आणि पुढें कंपनीचेंही धोरण पालटलें. हा झगडा नवा नव्हता. १९८० च्या सुमारास एमआयटी संस्थेंतील रिचर्ड स्टॉलमन याला झेरॉक्सच्या एका लेसर प्रिंटरच्या ड्रायव्हरची संहिता अशीच नाकारण्यांत आली होती. १९८३ सालीं त्यानें जी मुक्त प्रोग्रॅमांची चळवळ आरंभिली, तिच्या मुळाशीं ही बोचही होती. दाम मोजून घेतलेल्या वस्तूची भाषा शिकण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे कीं नाहीं, हाच या सर्व प्रकरणांतील खरा प्रश्न होता.

कधीं कधीं मात्र दोष खरोखर यंत्राचाच असे आणि आळ प्रोग्रॅमवर येई. लिनक्सचा गाभा आपल्या यंत्रावर पुन्हा बांधण्याचें काम तासन् तास चाले, आणि मध्येंच ‘सिग्नल ११’ असा निरोप देऊन थांबे. त्याचा अर्थ, प्रोग्रॅमनें आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला. यावर अनुभवी लोकांनीं एक सुंदर कसोटी शोधली. तेंच काम पुन्हा करून पाहावें. दरवेळीं त्याच ओळीवर थांबलें तर दोष प्रोग्रॅमचा. दरवेळीं निराळ्या ठिकाणीं थांबलें तर बहुधा मेमरीच्या चिपा नासलेल्या किंवा प्रोसेसर तापलेला. एवढ्या साध्या कसोटीनें असंख्य लोकांचा कालापव्यय वांचला.

हें सर्व ज्ञान लोकांनीं लिहून ठेवलें, हाच या इतिहासाचा कळस होय. १९९२ मध्यें सुरू झालेल्या लिनक्स दस्तऐवज प्रकल्पानें ‘हाऊ-टू’ नांवाच्या पुस्तिका निघत गेल्या. कोणतें कार्ड चालतें, कोणतें रुसतें, रुसल्यास काय करावें, हें त्यांत सोप्या भाषेंत दिलेलें असे. इकडे कारखानदारांनाही शहाणपण सुचलें. १९९२ सालीं इंटेलनें पीसीआय ही नवी जोडणी आणली. तींत प्रत्येक कार्डानें आपल्या कुळाचा आणि स्वतःचा क्रमांक पोटांत बाळगावयाचा, आणि विचारतांच सांगावयाचा, असा नियम झाला. हांकेची तार वांटून घेण्याचीही सोय झाली. चांचपडण्याची गरज सरली, जंपरच्या टोप्या हळूहळू अडगळींत गेल्या.

ज्या कार्यप्रणालीच्या जनकाला एका जातीच्या डिस्कपलीकडे कांहीं चालेल अशी आशा नव्हती, तीच कार्यप्रणाली २०१७ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या यादींतील, जगांतल्या सर्वांत वेगवान अशा पांचशेंच्या पांचशें संगणकांवर चालत होती. हें यश एका बुद्धिमान पुरुषाचें मानणें हा इतिहासावर अन्याय होईल. रात्र रात्र जागून एकेक कार्ड काढून घालणारे, फसलेला प्रयोगही प्रामाणिकपणें नोंदविणारे आणि आपल्याला सांपडलेली तोड दुसऱ्याला विनामूल्य सांगणारे जे हजारों अनाम लोक, त्यांचें तें यश आहे. वस्तु विकत घेतां येते. तिचें ज्ञान मात्र शोधून, लिहून आणि वांटूनच आपलें होतें.